पाण्याची पावती

अण्णा, काल समोरच्या नव्या बिऱ्हाडातली बाई विरजण मागायला आली आणि दारात उभ्या उभ्या विचारून गेली, "मावशी, मास्तरांच्या पगारात त्या काळी एवढं घर कसं काय जमलं हो?" मी तिला उत्तर दिलं, विरजण दिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून मला माझीच किळस आली आहे. रात्रीचं जेवणही गेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुमच्यापासून लपवलेली आहे ती आहेच. आज लिहून काढते.

धारमधल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्या तुम्हाला आठवत असतील. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे मालकाचा संडास होता. आई पोळ्या लाटायची ती पदर नाकावर धरून, एका हातानं. मला अजून कुठेही गरम पोळीचा वास आला की त्याच्या मागून तो दुसरा वास येतो. तुम्ही शाळेत असायचात, तुमच्या नाकाला तो कमीच लागला. संस्थान गेलं, नवं सरकार आलं आणि एक दिवस तुम्ही बातमी आणलीत की ज्या शिक्षकांना घर नाही त्यांना अमझेऱ्याच्या रस्त्याला सरकारी जागा मिळणार, बांधायला कर्जही मिळणार. आईनं चुलीतला कोळसा घेऊन तिथल्या तिथे फरशीवर स्वयंपाकघर काढलं. ओटा इथं, पाण्याची जागा तिथं, खिडकी पूर्वेला. तिनं ते पुसू दिलं नाही. फरशी धुताना तेवढा तुकडा सोडून धुवायची. अट एकच होती. अर्जदाराच्या नावावर कुठंही घर नसावं.

आणि तुमच्या नावावर होतं. देवासला, थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या संस्थानाच्या हद्दीत, आजोबांच्या दोन खोल्या. आजोबांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही त्या आत्याबाईंना देऊन टाकल्या होत्या. त्या विधवा होऊन माहेरी आल्या होत्या, दुसरा आसरा नव्हता. तुम्ही ओंजळीत तुळशीचं पान घेतलंत, आईनं तुमच्या हाताला हात लावला आणि तुम्ही आत्याबाईंच्या हातावर पाणी सोडलंत. मी तेव्हा परकरातली होते, पण मला ते लख्ख दिसतं. आत्याबाईंच्या कोपरावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. झालं. तुमच्या लेखी घर त्यांचं झालं. कागद कुणी केला नाही, कारण भावाबहिणीत कागद करायचा असतो हे आपल्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून तुम्ही अर्जात सरळ लिहिलंत की घर नाही.

जागांच्या सरकारी दफ्तरात मी तुमच्याबरोबर होते. मीही तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत लागले होते. तिथला कारकून, बाबू, शेव खात बसला होता आणि तेलाची बोटं कुणाच्या तरी अर्जाला पुसत होता. कुणीतरी चहाडी केली होती, देवासहून तुमच्या नावाचा उतारा आला होता. बाबूनं तो तुमच्यापुढे सरकवला. "मास्साब, ये मकान किसका है फिर?" तुम्ही त्याला सगळं सांगितलंत, तुळशीच्या पानासकट. वर्गात धडा समजावून सांगावा तसं सांगितलंत. तो आधी ऐकत राहिला आणि मग शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "सुन रहे हो भिया? पानी छोड़ दिया इन्होंने. मास्साब, पानी की रसीद है क्या आपके पास?" सगळं दफ्तर हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या मानेची शीर उडत होती तेवढी मी पाहिली. निघताना तो म्हणाला, "बहन से लिखवा लाओ, मकान उसका है, आपका कोई हक नहीं. बस."

एवढंच हवं होतं, अण्णा. बहिणीच्या हातच्या दोन ओळी. आणि तुम्ही नाही म्हणालात. "दान दिलेल्या माणसाकडे पावती मागू? मग ते पाणी कशाला सोडलं होतं?" आईनं फरशीवरच्या कोळशाच्या रेघांवरून बादली उचलून दुसरीकडे ठेवली. तुमच्या शाळेतले ते गणिताचे मास्तर, ज्यांची धारमध्ये दोन घरं, एक बायकोच्या आणि एक सासूच्या नावावर, ते संध्याकाळी येऊन तुम्हाला शहाणपण शिकवून गेले. "तुम्ही पण कमाल करता भिया! घर बायकोच्या नावावर टाकायचं नि किस्सा खतम!" त्यांना जागा मिळाली. कोपऱ्यावरची, उत्तम. गंधवानीला शाळेच्याच खोलीत चूल मांडून राहणाऱ्या मास्तरांचं नाव यादीत आलंच नाही. मदत कुणासाठी होती आणि ओरपली कुणी, हे सगळ्या गावाला दिसत होतं, आणि सगळं गाव त्या गणिताच्या मास्तरांकडे पेढे खायला गेलं. तुम्हीही गेलात. मला त्या पेढ्यांची शिसारी आली होती. पण खरं सांगायचं तर तुमच्या ताठ मानेचीही आली होती. ती मान उंच राहावी म्हणून आई नाक धरून पोळ्या लाटत होती.

म्हणून मी देवासला गेले. तुम्हाला सांगितलं की हाटपिपल्याला मैत्रिणीकडे नृसिंहाच्या दर्शनाला जाते. आत्याबाई दारात गहू निवडत बसल्या आहेत. मला पाहून त्यांचा चेहरा फुलतो, सूप बाजूला होतं, "अगं बाई, पोरगी आली! एकटीच?" मी पाणी पिते आणि कागद पुढे करते. बाबूनं सांगितला तसाच मजकूर मी माझ्या अक्षरात लिहून नेलेला आहे. त्या सावकाश वाचतात, बोट ठेवून ठेवून. त्यांना तुम्हीच वाचायला शिकवलं होतं. वाचून झाल्यावर विचारतात, "त्यानं पाठवलं तुला?" खरं सांगितलं असतं तर त्यांनी हसत हसत लिहून दिलं असतं, हे मला आज कळतं. पण त्या तुम्हाला पोस्टकार्ड टाकतील, तुम्ही तो कागद फाडाल, ही मला धास्ती. मी म्हटलं, "हो."

मी टाक पुढे केला. त्या म्हणाल्या, "सही नको. सही त्यानंच शिकवलेली आहे, ती ह्या कागदावर नको." चुलीकडे गेल्या, तव्याच्या बुडाला अंगठा घासला आणि कागदावर दाबला. मग मला जेवायला वाढलं. जेवताना पुष्कळ बोलल्या, तुमचं नाव काढलं नाही.

कागद मी बाबूला नेऊन दिला. त्यानं तो शेवेच्या पुड्याखाली ठेवला. "अब हुई ना पक्की बात, बाई." आत्याबाईंच्या अंगठ्याभोवती तेल पसरताना मी उभी राहून बघितलं आणि "मेहरबानी" म्हणाले.

जागेचा हुकूम आला त्या दिवशी तुम्ही तो देवापुढे ठेवलात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला सांगितलंत की सरकारनं एका शिक्षकाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला. घरी येऊन आम्हालाही तेच भाषण दिलंत. आई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं, पण तिला खिडकी हवी होती. तिला ती मिळाली, पूर्वेलाच, आणि त्या खिडकीपाशी तिनं सुखानं पोळ्या लाटल्या. म्हणून मला पुरता पश्चात्तापही करता येत नाही, याचा फार राग येतो.

आत्याबाई दर भाऊबीजेला येत. विधवेनं ओवाळू नये असं शेजारणी कुजबुजत, तर तुम्ही मुद्दाम बाहेर ओसरीवर, सगळ्यांदेखत पाट मांडायला लावायचात. त्या वर्षी नव्या घरात पाट मांडला, रांगोळी घातली आणि तुम्ही दुपार टळेपर्यंत त्यावर बसून राहिलात. मी म्हटलं, बस चुकली असेल. पुढच्या वर्षीही मीच म्हटलं, गुडघे दुखत असतील. तिसऱ्या वर्षी तुम्ही कुणाबरोबर तरी त्यांना लुगडं पाठवलंत. ते परत आलं, घडी न मोडता, निरोपाशिवाय. तुम्ही ते मांडीवर घेऊन बसलात आणि मला विचारलंत, "माझं काय चुकलं गं?" मी भाजी चिरत होते. मी चिरत राहिले.

तुमचं काही चुकलं नव्हतं. हे चार शब्द तेव्हा तोंडातून निघाले असते तर तुम्ही त्याच संध्याकाळी देवासची बस धरली असतीत. पण मग हे घर तुम्ही सरकारला परत केलं असतंत, हेही मला ठाऊक होतं. आईची खिडकी गेली असती. म्हणून तुम्ही जाईपर्यंत मी गप्प राहिले, आणि आत्याबाई तुमच्या दहाव्याला आल्या तेव्हाही गप्प राहिले. त्यांनी तुमच्या फोटोपुढे दिवा लावला, नुसता ठेवला, ओवाळला नाही.

हे पत्र मी त्या लुगड्याच्या घडीत ठेवणार आहे, पेटीत. कालच्या बाईला मी काय सांगितलं ते राहिलंच. मी म्हटलं, "आमच्या अण्णांच्या शब्दावर दिलं हो सरकारनं." आणि सांगताना, अण्णा, माझी मान ताठ झाली होती.