दोन डेगी आणि अदबशीर मोबाईल

दहिवली, मंगळवार

चि. अनुपम यास चारूआत्याचे आशीर्वाद.

दिवाळीत तू दिलेल्या मोबाईलमधल्या यंत्राने आपल्या बिर्याणीच्या दोन्ही डेगी येत्या रविवारी दोन घरांना लावून दिल्या, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. तुझा खोकला गेला असेल. सौ. श्रियाची कंबर कशी आहे? माझी प्रकृती उत्तम; बिघडायला तिला वेळ मिळत नाही.

लग्नाला भांडी भाड्याने देण्याच्या या धंद्यासाठी तू तीन सोयी सुचवल्यास. फोटोवरून भांडी मोजणाऱ्या सोयीने पहिल्याच दिवशी झाऱ्याची सावलीही झारा म्हणून धरली. (सावली परत आली नाही तर जाब कोणाला विचारू?) भांडी परत करण्याची आठवण देणारी दुसरी मी बंदच केली; मी दारात जाऊन उभी राहते, तेवढे पुरते. राहिली गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर देणारी. 'आपल्या मंगलकार्याची सेवा करताना आम्हांला आनंद होतो,' असे ती लिहिते. मला आनंद झालेला आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाहिलेला नाही. शिवाय इतके गोड बोलणारे लोक हटकून एक पळी कमी परत करतात.

तर खोपोलीच्या जुबेदाने मुलीच्या, फराहच्या, लग्नासाठी डेगी मागितल्या. त्याच दिवसासाठी लोधिवलीच्या याकूबभाईंनीही मागितल्या. यंत्राने दोघांनाही 'नोंद घेतली' म्हणून कळवले. ते पाहताच मी याकूबभाईंना फोन लावला, 'डेगी मिळणार नाहीत, दुसरीकडे बघा,' एवढे सांगितले आणि ठेवून दिला.

संध्याकाळी जुबेदा दारात. "चारू, डोकं ठिकाणावर हाय का गं तुझं? व्याही हायत ते आमचे! डेगी माझ्याकडं येणार हे कळलं त्यांना; मीच तुला सांगून नाय म्हणवलं, असं वाटतंय त्यांना. लग्नाचा फेरविचार करू म्हणतात. पोर सकाळपासून जेवली नाय."

जेवण दोन्हीकडचे एकत्रच ठरले होते. समोरच्याला भांड्यांचा त्रास नको, म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता डेगी मागितल्या होत्या. मी तशीच जुबेदाला घेऊन कोंडाजीच्या टेंपोतून लोधिवलीला गेले आणि माफी मागितली. (बी.ए. झाल्यापासूनची पहिलीच.) याकूबभाई म्हणाले, "बाई, तुमचा मोबाईल लय अदबीनं बोलतो. फोनवर मात्र तुमीच होता, हे लगेच कळलं." मग हसले. लग्न ठरल्याप्रमाणे आहे. रात्री फराह जेवली.

असले यंत्र मला नको. कोंडाजी उद्या पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर परत पाठवते.

तुझी आत्या,
चारुलता

ता. क. यंत्राने शनिवारीच मला विचारले होते: 'दोन्ही मागण्यांत तारीख, हॉल आणि वधूचे नाव एकच आहे. हे एकच लग्न आहे का?' मुलींची नावे घेऊन चौकशी करणाऱ्या परक्याला मी उत्तर देत नाही, म्हणून दिले नाही.

आणखी एक. मी गिऱ्हाइकाला फोन लावण्याआधी मलाच अडवील, असे काही त्यात बसवता येते का? सहज विचारते आहे.

कोंडाजीच्या हाती दिले: पोह्याचे पापड पन्नास (मी मोजलेले), माहितीपुस्तिका एक (न उघडलेली), मोबाईलचा खोका एक (रिकामा).