टबांच्या सिनेमावर त्रेसष्ट हरकती

१ एप्रिल २०१९, सोमवार

निवृत्तीला आठ आठवडे उरले. पंचवीस वर्षं या कॉलेजची डीन आहे. सगळं मार्गी लावलं, एकच काम राहिलं आहे. तो सिनेमा. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दरवर्षी आमच्या हिरवळीवर दाखवतात. चाळीस वर्षांपूर्वी इथेच चित्रित झाला आणि अजून इथून हलत नाही. फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या, घरात राहणारी उनाड पोरं डीनबाईला छळतात, आणि शेवटी न्हाणीघरातल्या टबांना चाकं लावून टेकडीवरून थेट तळ्यात जातात. एवढीच गोष्ट म्हणे. बघायला चारशे माणसं येतात, तीही बाथरोब घालून आणि डोक्याला आंघोळीची टोपी लावून. मी पाहिलेला नाही. पाहणारही नाही.

२६ तारखेच्या नियामक मंडळाच्या बैठकीत ठराव मांडणार : हा प्रकार कायमचा बंद. कॉलेज माझ्यामागे शिस्तीत राहिलं पाहिजे.

२ एप्रिल

फ्रॅटर्निटीचा अध्यक्ष प्रेस्टन कोव्हाच याला बोलावून ठरावाची कल्पना दिली. सोबत तिघे होते. चौघेही ताठ उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "होय डीन! तत्काळ डीन! आपल्या कृपेने, डीन!"

ही अदब आता कुठे बघायला मिळते? मी रुजू झाले त्या आठवड्यापासून मुलं हेच म्हणतात. पिढ्या बदलल्या, शिस्त बदलली नाही. गेल्या वर्षी शेजारच्या कॉलेजची डीन आली होती, तिला मी मुद्दाम ऐकवलं. तिने रुमाल तोंडाला लावला. भारावली असावी.

५ एप्रिल

मंडळाचे अध्यक्ष लिंडक्विस्ट म्हणतात, "न बघताच कसा बंद करायचा, मार्लीन? निदान हरकती तरी लिहून आण." ठीक आहे. कर्तव्य म्हणून एकदा बघेन. एकदाच. नवऱ्याला, गसला, विचारलं, डिस्क कुठे मिळेल. तो उठला, गॅरेजमधल्या हत्यारांच्या कपाटातून काढून आणून दिली. इथे कशी, विचारलं. पाना शोधताना सापडली म्हणतो.

६ एप्रिल, शनिवार

उभ्याने पाहिला. बसून पाहिलं की करमणूक केल्यासारखं होतं. हरकती : चौदा.

बाविसाव्या मिनिटाला सिनेमातली डीन जेवणघरात येते. चाळीस पोरं बाथरोबमध्ये ताठ उभी राहतात आणि म्हणतात, "होय डीन! तत्काळ डीन! आपल्या कृपेने, डीन!"

यंत्र बंद केलं. पाणी प्यायले.

संध्याकाळी : सिनेमावाल्यांनी आमच्या कॉलेजची पद्धत उचलली असणार, हे उघड आहे. सिनेमा १९७९चा, मी रुजू झाले १९९४ला. तपशील तपासायला हवा. गस म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे." सगळे म्हणजे कोण, विचारलं. त्याने पोस्टमनपासून सुरुवात केली. चर्चच्या पाळकांपर्यंत आला तेव्हा मी थांबवलं.

९ एप्रिल

अचूकतेसाठी दुसऱ्यांदा पाहिला. हरकती सत्तावीस. जेवणघर साबणाच्या फेसाने भरतं आणि त्या फेसातून फक्त डीनचा चष्मा वर येतो, त्या ठिकाणी मला खोकला आला. बराच वेळ थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. गसने स्वयंपाकघरातून विचारलं, "चष्मा वर आला वाटतं?" खोकल्याचं औषध घेतलं.

१३ एप्रिल

चौथी वेळ. बसून. गुडघा दुखतो.

त्या सिनेमात शहाणी अशी एकटी डीनच आहे. पण कामात कच्ची. टबांच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी बाई पुढचं फाटक बंद करून घेते आणि टब सगळे मागच्या शेडमध्ये! शेडची किल्ली आधी ताब्यात घ्यायची हे तिला कुणी सांगायला हवं का? मी पाच मिनिटांत प्रकरण मिटवलं असतं. अहवालात याची दोन पानं झाली. सोबत शेडचा नकाशा जोडला.

१७ एप्रिल

कोव्हाच आणि त्याचे दोन मित्र वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटले. पुन्हा तीच तिन्ही वाक्यं. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की "आपल्या कृपेने"च्या आधी थोडा दम घ्यायचा असतो, तिथे तुम्ही घाई करता. करायचं तर नीट करावं, एवढाच हेतू. मग कोव्हाच म्हणाला, "मॅडम, तुम्ही किती वेळा पाहिलात?" उद्धट मुलगा. पुन्हा म्हणून घेतलं. बरं जमलं.

२१ एप्रिल, ईस्टर

चर्चमधून आल्यावर जेवण, मग पडताळणी. गस म्हणाला, सातव्यांदा बघायची गरज नाही. मी म्हटलं, त्रेसष्ट हरकती आहेत, एकही चुकीची निघता कामा नये. त्याने पॉपकॉर्न केले. मी घेतले नाहीत. अर्धेच घेतले.

२६ एप्रिल, शुक्रवार

बैठक झाली. जसं घडलं तसं लिहिते.

मंडळात आम्ही सात. मी गंभीरपणे वाचायला सुरुवात केली. चौथ्या हरकतीला लिंडक्विस्टनी चष्मा काढून पुसला. नवव्या हरकतीला मिसेस ओडेगार्ड, वय ऐंशी, देणगीदार, टेबलावर डोकं टेकून बसल्या. मला वाटलं बरं वाटत नाही. म्हणाल्या, "मार्लीन, ते फेसाचं परत सांग ना. तिच्या आवाजात सांग." प्रकाराचं गांभीर्य कळावं म्हणून आवाजात सांगितलं. चष्मा वर कसा येतो हेही दाखवलं. चाळिसाव्या हरकतीला कुणाची तरी खुर्ची मागे पडली, तेव्हा थांबावं लागलं.

मग शेडच्या किल्लीचा प्रश्न निघाला. त्यावर पंचवीस मिनिटं चर्चा. लिंडक्विस्ट हट्टाने सांगत होते की किल्लीने काही झालं नसतं, पोरांकडे करवत होती. मी म्हटलं, करवत दुसऱ्या दिवशी येते, नीट बघा. पैज लागली.

शेवटी मतदान. सिनेमा चालू ठेवावा या बाजूने कोण? सात विरुद्ध शून्य.

सातवा हात माझा. तो मी एक्केचाळिसावी हरकत राहिली आहे हे सांगायला वर केला होता. लेखनिकाने मोजला. इतिवृत्तात दुरुस्ती करून घेणार.

२९ एप्रिल

दुरुस्तीचं पत्र लिहिलं. दिलं नाही. लिंडक्विस्ट घाईत होते. म्हणजे कॉरिडॉरमध्ये थांबून "करवत दुसऱ्या दिवशीच येते, तू जिंकलीस" म्हणाले, तेव्हा घाईत मी होते.

४ मे, शनिवार, दुपारी चार

जाणार नाही. कुणी विचारलंच तर प्रकृतीचं कारण.

साडेपाच

विचार केला. डीन म्हणून माझा हा शेवटचा मे. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय पुढच्या डीनला टिपण कसं देणार? पण ऑफिसच्या कोटात गेले तर मुलं सावध होतात, खरी परिस्थिती कळत नाही. तेव्हा बाथरोब आणि टोपी. केवळ ओळख लपावी म्हणून. गसने कपाटातून दोन जोड काढले. दुसरा माझ्या मापाचा. कधी घेतला, विचारलं. २००१ साली, म्हणाला.

५ मे, रविवार

पाहणी पूर्ण. उपस्थिती सव्वाचारशे. कचरा : मध्यम. फुगे : साबणाचे, अगणित. आम्ही तिसऱ्या रांगेत गवतावर बसलो.

मुलांचे संवाद अर्धवट पाठ आहेत असं लक्षात आलं. कुठे शब्द गाळतात, कुठे आधीच हसतात. मी शक्य तितकं सावरून घेतलं. डीनची वाक्यं डीनच्या आवाजात, पोरांची पोरांच्या, बाईंच्या पावलांचा आवाजही. गसने दोनदा कोपराने ढोसलं. फेसाच्या प्रसंगाला मी उभी राहिले असेन, कारण मागून कुणीतरी बसा म्हणालं.

मग पुढच्या रांगेतली एक मुलगी वळली. पहिल्या वर्षाची असावी, हातावर स्वयंसेवकाची पट्टी. फार गोड आवाजात म्हणाली, "आजी, मघापासून तुम्हीच बोलताय. आम्हाला ऐकू द्या ना. आता परत आवाज केलात तर मला डीन मॅडमना बोलवावं लागेल. आणि त्या फार कडक आहेत हं."

मी गप्प बसले.