पानाला शिवलेला पोपट

पत्र तुझं आणि अक्षर तुझ्या सुनेचं, हे आता तिसऱ्यांदा झालं. "सासूबाई मजेत आहेत," असं लिहिलंय. सासूबाईंना बोटं आहेत की डोळ्यांबरोबर तीही डॉक्टरने काढून घेतली? मी शाळेत गेले ती जेमतेम पाटी फुटेपर्यंत, तरी माझं वेडंवाकडं मी स्वतः खरडते. तू आपल्यातली शिकलेली, आणि तू पलंगावर बसून सांगणार, दुसऱ्याने लिहायचं.

असो. धाकटे, तुला थोरलीचे आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात? भूक लागते का? नवरा अजून रेडिओ सगळ्या गल्लीसाठी लावतो का? डोळ्यांचं विचारत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, आता खुशाल वाचा, शिवा, असं डॉक्टरने सांगितल्याचं सुनेनेच कळवलंय. (सूनबाई, तूच वाचून दाखवतेयस हे मला ठाऊक आहे. मोठ्याने वाच, काही गाळू नकोस.) तरी तू म्हणे सुईला हात लावत नाहीस, पुस्तक उघडत नाहीस, "आता माझं झालं" म्हणतेस. काय झालं? डॉक्टरने एवढा खटाटोप करून नजर परत दिली, ती काय भिंतीकडे बघायला?

आता माझी हकिकत ऐक. आमच्या लायब्ररीतली बाई सदा कावलेली. लोक पानांचे कान दुमडतात, कोणी केसातली पिन खुपसतं, एकाने तर कोथिंबिरीची काडी ठेवून पुस्तक परत केलं. ती म्हणाली, आजी, पानांत घालायला कोणी कापडी खुणा करून दिल्या तर किती बरं होईल. मी म्हणाले, माझी बहीण क्रॉसस्टिचचे असे पक्षी काढते की दाणे टाकावेसे वाटतात. बहीण काढते, एवढंच म्हणाले हो. पण बाईने मॅटीच्या कापडाचा तुकडा आणि रेशमाच्या लड्या माझ्याच हातात कोंबल्या. बढाई मारली तुझी, भोगावं लागलं मला.

कापडाची घरं मोजायची आणि फुल्या घालायच्या, सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच बाजूला, हे तूच शिकवलं होतंस. माझ्या फुल्यांचे पाय बाजार उठल्यासारखे चहूकडे. पोपट काढायला घेतला. नात म्हणाली, "आजी, ढोबळी मिरची छान झालीय." लाल चोच घातल्यावर म्हणाली, "आता पिकायला लागली." (तुझ्यावर गेलीय.)

त्याच दिवशी मी लायब्ररीचं पुस्तक वाचत होते. एका बाईचा नवरा समुद्रावर बोट घेऊन गेलेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही. दारावर थाप पडते, ती कडीला हात घालते, आणि मला आठवलं, खूण आजच द्यायचीय. पुस्तक मांडीवर तसंच उघडं होतं. त्यावरच कापड ठेवून शिवत बसले. मॅटी ताठ लागत होती. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या (त्या परत घेते). शेवटची गाठ मारून खूण उचलली, तर तिच्यामागून पुस्तकही उठलं.

लायब्ररीतल्या बाईने पुस्तक उलटं धरून हलवून पाहिलं. पोपट हलेना. म्हणाली, "आजी, खूण पक्की बसलीय. पण ती पुढच्या पानावरही जायला हवी ना." नात हसून हसून फरशीवर बसली. पुस्तक माझ्याच गळ्यात पडलं. वर त्या बाईने मॅटीचा आणखी एक तुकडा दिला. तिची आशा बघ.

आता दोन पानं एकमेकांना शिवली गेलीत आणि ते दार नेमकं आतल्या बाजूला राहिलंय. पुढे उलटावं तर त्या घरात कोणी तरी जेवायला बसलेलं. नवरा आहे की पोस्टमन, कळायला मार्ग नाही. नातीने कात्री आणली, ती मी हिसकावून घेतली. कागद जुना, फाटायचा. टाके एकेक करून मागून उसवायला हवेत, आणि असं उसवणारे हात आपल्या घरात एकट्या तुझेच. म्हणून पुस्तक सोबत पाठवतेय. उसव, आतलं वाच, आणि दारात कोण होतं ते कळव. फोनवर नको. मी उचलणार नाही.

सूनबाई, तुझं काम इथे संपलं. कागद तिच्या हातात दे आणि जा, चहा टाक. खालचं मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

तुझी थोरली

ता. क. तो पोपट आहे.

ता. क. नवा चष्मा सापडत नाही म्हणू नकोस. तुझ्या उशाखाली आहे. सून सगळं कळवते.

ता. क. पुस्तकाची शेवटची दोन पानंही शिवलेली सापडतील. त्यावर मासा आहे. ते चुकून झालेलं नाही. फुल्यांचे पाय सगळे एकाच बाजूला आलेत, चष्मा लावून बघ. शेवट मीही वाचलेला नाही, तोही तूच सांगायचा. ओळी चढल्या-उतरल्या तरी चालतील, पण उत्तर तू लिहायचं, तुझ्या हाताने. सुनेचं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडता परत धाडीन.