‘डॉट इन’चा चार्ज

३ फेब्रु. ९७
दिल्लीचं पत्र आलं एकदाचं. ‘डॉट इन’चं काम तिकडच्या खात्याकडे वर्ग, आठ दिवसांत चार्ज द्या. आमचे संचालक राव सर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काही चोरलंय. म्हणाले, "मिसेस देव, तुमच्याकडे नक्की आहे तरी काय?"
काय असणार? पाच वर्षं भारतातल्या, ‘डॉट इन’ने संपणाऱ्या इंटरनेटवरच्या पत्त्यांना नावं देतेय. अर्ज आला, नाव मोकळं असलं, की यादीत एक ओळ वाढवायची. आधी येईल त्याला मिळेल. नियम एवढाच, तोही मीच केलेला. इतके दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही, आता सगळ्यांना हवंय!

५ फेब्रु.
चार्ज रिपोर्टाचा छापील नमुना. तीन प्रती. कपाटं, किल्ल्या, टेबलं, पंखे. डॉट इन कुठल्या रकान्यात लिहू? हेडक्लार्क शामण्णा म्हणाले, "‘इतर वस्तू’त घाला अक्का, सरी होगुत्ते." म्हणजे, होईल बरोबर. हसू आलं. घातलं तिथेच.

६ फेब्रु.
जुनी फाइल काढली. जगभरच्या अशा पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या ऑफिसला पाठवलेला पहिला फॉर्म. ‘जबाबदार व्यक्ती’पुढे मी लिहिलं होतं ‘संचालक’. आपल्याकडे हुद्दाच लिहितात, नाव कोण लिहितं? त्यांनी परत पाठवला, माणसाचं नाव हवं. तेव्हाचे साहेब रजेवर, म्हणून माझं टाकलं. तात्पुरतं. ते राहिलंच.
म्हणजे दिल्लीने हुकूम काढून भागणार नाही. अमेरिका मला विचारणार, आणि मी हो म्हटल्याशिवाय काही हलणार नाही.
अरविंदला सांगितलं. "बाप रे, देश बायकोच्या नावावर!" नवऱ्याला काय, चेष्टाच सुचणार. पण आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लाजही वाटली.

१० फेब्रु.
दिल्लीचे सक्सेना आले. माणूस सभ्य. पहिला प्रश्न, "मॅडम, चाबी किसके पास है?" कसली चावी नि कसलं काय!
चहाच्या वेळी कळलं, चार्ज घेतल्यावर पहिलं काम आनेकलच्या वेंकटेशप्पांचं नाव काढून घेण्याचं. ते शेडमध्ये पंपाचे सुटे भाग करतात. दिवाळीत त्यांनी नाव घेतलं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचंही तेच नाव, तिला जाग आली आत्ता. "ऊपर से फोन आया है." मी म्हटलं, ते आधी आले होते. तर म्हणाले, "वो आपका रूल है मॅडम, सरकार का नहीं."
लागलं मला. कारण खरं आहे. मला कुणी अधिकार दिला होता? पण वरून आलेला फोन, तो तरी नियम आहे का?

१२ फेब्रु.
सही केली. तिन्ही प्रतींवर. राव सर समोर उभे, हात आपोआप चालला, वीस वर्षांची सवय. सक्सेना खुशीत विमानाने परत. सगळ्यांना वाटतंय, झालं काम. अमेरिका अजून मला विचारणार, हे मी बोललेच नाही. हे बरं नाही केलं.

१४ फेब्रु.
अमेरिकेचा मेल, प्रत राव सरांनाही. दोन ओळी. बदलाची विनंती आली आहे, तुम्हाला मान्य आहे का?
उत्तर लिहिलं: मान्य, पण दिलेली नावं काढू नयेत. खोडलं. दिल्लीला माझी अट कोण पाळायला लावणार? नाही म्हणावं तर राव सरांवर शेकेल. शिवाय अख्ख्या देशाची गोष्ट एका मिसेस देवच्या नावावर किती दिवस राहणार? मलाही कळतं हे. कळतं म्हणून तर जास्त त्रास.

१७ फेब्रु.
वेंकटेशप्पा स्वतः आले. आनेकलहून दोन बस बदलून. शेडच्या पाटीचा फोटो दाखवायला. पाटीवर नवा पत्ता, प्रत्येक डॉटच्या जागी पेंटरने चांगलं ठसठशीत कुंकू काढलंय. परदेशी गिऱ्हाइकं पत्ता विचारतात म्हणून खूश होते. निघताना कन्नडमध्ये हळूच म्हणाले, "मॅडम, हे आता कुणी घेणार नाही ना?"
मी म्हटलं, "छे हो, तुमचंच आहे."
काय बोलून बसले! विचार न करता, अगदी तोंडभरून.
मेल अजून समोर उघडा आहे. तिकडे हो म्हटलं, तर या माणसाला फसवलं असं होईल. राव सरांचा शिपाई दोनदा येऊन गेला, सर विचारतात, उत्तर गेलं का?