पट्ट्यांचे अकरा आकडे

मी, सावेली येर्मोलायेविच त्यूरिन, वय एकाहत्तर, पियानो सुरात लावणारा, राहणार सारातोव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले, डोके आणि कान शाबूत आहेत.

१. घर, समोवार व कोंबड्या शेजारीण झिनाइदा हिला. "एकटा जीव, काका, मग चहाचे पेले दोन कशाला मांडता?" असे ती रोज टोचते. दुसरा पेलाही तिनेच घ्यावा.

२. हत्यारे ग्लेब ओसिपोविच याला. त्याने नाट्यगृहाचे काम माझ्याकडून पळवले. हत्यारे उत्तम आहेत. कान त्याने स्वतःचा आणावा.

३. संगीतकार इनोकेंती ल्वोविच वेरेसोव यांचा पियानो मी बावीस वर्षे लावला. संगीतकोशात त्यांच्यावर चार ओळी आहेत: वादक अजोड, पण १९३९ नंतर एकही रचना नाही. हे खोटे आहे. वर्तमानपत्राने झोडपल्यावर त्यांनी कागद सोडला, रचना नव्हे.

पट्टी दाबली की आत तिची हातोडी तारेवर आपटते, आणि हातोडीच्या नमद्याला, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या थराला, चिरा पडतात. कोणती पट्टी किती वाजली ते त्यावरून मला कळते. त्यांच्या चिरा मैफलीतल्या कुठल्याच तुकड्याच्या नव्हत्या. काम झाले की ते मला बसवून घेत आणि वाजवत. दुसऱ्या कोणी ते ऐकले नाही.

माझी चूक अशी की, धंद्याच्या सवयीने दर वसंतात त्या चिरा मी घासून सपाट केल्या. ते हसत. "पुसलंस सगळं? बरं झालं, सावेली. आता पुन्हा लिहितो."

४. १९५८ साली ते गेले. त्या हिवाळ्याच्या सात हातोड्या मी न घासता टॉफीच्या डब्यात ठेवल्या. तो घेऊन गेलो तेव्हा संग्रहालयाच्या रिम्मा गेन्रिखोव्ना म्हणाल्या, "काका, नमदा वाचता येत नाही हो आम्हाला. कागद असेल तर आणा."

"कागद असता तर डबा कशाला आणला असता, बाई?" म्हणालो, आणि ट्रामने परत आलो.

मला स्वरलिपी येत नाही. डावीकडून पट्ट्या मोजता येतात. त्यांच्या शेवटच्या रचनेची सुरुवात अशी: १३, २०, २५, २८, २७, २५, २०, इथे श्वासभर थांबावे, २३, २४, २०, १३. खोल चिरा याच सात पट्ट्यांच्या हातोड्यांवर आहेत, ताडून पाहावे.

या मजकुरावर सरकारी शिक्का बसला की हा कागद झाला. तो, डबा आणि माझा पियानो रिम्माबाईंना. अट एकच: आकडे एकदा वाजवावेत, आणि वाजवताना खोलीत आणखी कोणीतरी असावे.

साक्षीदार: नीना फादेयेव्ना ल्याखोवा, टपाल कर्मचारी
तिखोन बगदानोविच शूबिन, शेगडी बांधणारा
सही: सा. ये. त्यूरिन
सारातोव, ३ मार्च १९७४