ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा

अहो,

मी केशोरीले आईकडं चालली. वरण-भात झाकून ठेवला आहे.

जीप बाहेर काढू नका. ड्रायव्हरच्या पायाखालच्या नव्या पत्र्याले मी नुसते टाके मारले आहेत, पूर्ण वेल्डिंग बाकी आहे. वजन पडलं का सुटतील.

ह्याच जीपचा गंजलेला जुना पत्रा मीच कापला. पहिला महिनाभर वेल्डिंग करताना माझ्या हातानं पत्र्याले भोकंच पडत होती. तुम्ही हसत होते, तरी शिकली. अन् काल नागझिऱ्याचे पावणे जीप विकत घ्यायची म्हणून पाहायले आले, त्यायनं विचारलं, "इतकं सफाईचं काम कोणी केलं?" तर तुम्ही म्हणाले, "गोंदियाचा मिस्त्री लावला होता." मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. माझ्या हातावरचे ठिणग्यांचे डाग त्यायले दिसले, तर तुम्हीच म्हणाले, "भजे तळताना तेल उडालं."

काऊन? बायकोनं वेल्डिंग केलं म्हटलं तर तुमचं नाक कापलं जाते का?

वेल्डिंगची काच अन् हातमोजे घेऊन चालली, ते माझे आहेत. पावणे शनिवारी जीप न्यायले येतील. राहिलेलं काम तुमच्या त्या गोंदियाच्या मिस्त्रीले सांगा.

अल्का