स्वीच म्हणतो, त्र्याण्णव साल

५ मे
आजही दुपारी नेट गेलं! काउंटरवर ही गर्दी. चेअरमन गुरुसिद्धप्पा सगळ्यांदेखत — "हेमाताई, तुमच्यानं हुईना हे!" १९ला संचालकांची मीटिंग. मला पर्मनंट करायचं की नारळ द्यायचा, ते तिथं ठरणार. सेलूच्या या पतसंस्थेत कंत्राटावर किती वर्षं काढायची माणसानं?

६ मे
डोकं चालवलं. सगळ्या काँप्युटरना नेट वाटणारा तो स्वीच — त्यालाच कामाला लावलं. कधी बंद पडला, कधी सुरू झाला, कुठली वायर सुटली, सगळं त्यानं माझ्या काँप्युटरवर लिहून पाठवायचं. लॉग म्हणतात याला. पाठवतोय की भराभर!
चेअरमन अप्पांना दाखवलं. त्यांनी चपला काढल्या अन् स्वीचला भस्म लावलं. "चुगलखोर हाय, पण कामाचं हाय."

७ मे
लॉग सांगतो, स्वीच बिघडत नाही. त्याची वीजच जाते. म्हणून दुपारी दाराआड उभी राहिले. अप्पा जेवून आडवे झाले, तसा शिपाई मार्तंड आला. स्वीचची पिन काढली, तिथं अप्पांचा कूलर लावला!
"ताई, माझं नाव घेऊ नका. अप्पांचं तर घेऊच नका."

८ मे
मी कशाला बोलू? लॉगच अप्पांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला. "ताई, इथं तर साल १९९३ हाय!"
अरे देवा! वीज गेली की या स्वीचचं घड्याळ मागं त्र्याण्णवात जाऊन बसतं. ते लावायचं माझ्या ध्यानातच नाही आलं. म्हटलं, आत्ता नीट करते.
"खबरदार! पुराव्यावरची तारीख बदलायलाव?"
मग स्वतःशीच खूश — "त्र्याण्णवला मी चेअरमन न्हवतो. सुटलो! तवा कारकून कोण होतं, बघा."

१३ मे
पार्वतीबाई होत्या. रिटायर होऊन जमाना झाला, पाथरीला असतात. नेट बंद पाडल्याची नोटीस त्यांना गेली! मी हात जोडले, अप्पा, तेव्हा इथं काँप्युटरच नव्हता.
"मंग नेट चालंल कसं? तेच म्हणायलोय मी!"
कोणी हसतसुद्धा नाही. मलाच वेड लागायची पाळी.

१५ मे
कूलरचं तोंडावर सांगून टाकलं. मार्तंड पळाला. अप्पा म्हणाले, "कूलर मागल्या उन्हाळ्यात घेतला. त्यानं त्र्याण्णवचं नेट कसं काय बंद पाडलं?"
कप्पाळ!

१९ मे
पार्वतीबाई जीपनं आल्या, काठी टेकत. मीटिंगमध्ये नोटीस वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "केलं असंल बाबा. त्या साली पोरीचं लगीन होतं, कामात ध्यानच न्हवतं माझं."
संचालक गहिवरले. "अशी खरी माणसं ऱ्हायली न्हाईत आता!"
माझा विषय निघालाच नाही. रडू आलं.

२० मे
विषय निघाला होता, मी बाहेर गेल्यावर. पार्वतीबाई पर्मनंट झाल्या, माझ्या जागेवर. त्यांना माउस धरायला शिकवायचं अन् मग मी जायचं.